भाजलेल्याचं माप

मी बांबूचं एक माप बोलतोय, जपानातल्या हागी गावच्या कुरोसे कुंभारांच्या घरातलं. दिसायला मी अगदी साधा आहे. एक उभी काडी, तिच्यात आडवी खोवलेली दुसरी काडी, झालं. पंख पसरलेल्या चतुरासारखा दिसतो म्हणून आमच्याकडे मला तोंबो म्हणतात. तोंबो म्हणजे चतुर, तळ्यावर भिरभिरतो तो. मी मात्र कधी उडालो नाही. एकदा रागाच्या भरात फेकला गेलो होतो, पण त्याला उडणं म्हणत नाहीत.

चाकावर चहाचा ओला वाडगा उभा राहिला की मला आत उतरवतात. पाय तळाला टेकला आणि दोन्ही हातांची टोकं काठाला जेमतेम लागली की वाडगा बरोबर. खोली आणि रुंदी, मला एवढंच कळतं. माणसांविषयी मी पुढे जे सांगणार आहे, ते हे लक्षात ठेवून ऐकावं.

मला तिसऱ्या गेन्झोने घडवलं. या घरात जो कर्ता कुंभार असेल त्याचं नाव गेन्झोच. आधीचा थकला किंवा गेला की पुढचा आपलं नाव उतरवून ठेवतो आणि हे अंगावर घेतो. शेजारच्या गावी एका शेतकऱ्याचं जुनं घर उतरवत होते, तेव्हा छपरातला काळा पडलेला बांबू तिसऱ्याने मागून आणला. पिढ्यान्पिढ्या चुलीचा धूर खाल्लेला बांबू वाकत नाही, पाण्याने फुगत नाही, कीडही त्याच्या वाटेला जात नाही. त्यातला वीतभर तुकडा म्हणजे मी. उरलेला बांबू कोठीत टांगून ठेवला, लागेल कधीतरी म्हणून. कुंभार काही टाकून देत नाहीत.

वाडगे मात्र फोडतात. भट्टी उघडली की गेन्झो तिच्या तोंडाशी बुटक्या चौरंगावर बसतो. मांडीशी लाकडी हातोडी असते. एकेक वाडगा घेतो, फिरवतो, उलटा करून तळ बघतो. पसंत पडला तर नुसतं "हं" म्हणतो, नाही पडला तर हातोडी. त्या वेळी कोणी मध्ये बोलायचं नाही असा घरचा रिवाज आहे. "हं" मिळाल्याशिवाय वाडगा घराबाहेर जात नाही, आणि लाकडी पेटीच्या झाकणावर गेन्झोच्या हातचं नाव पडल्याशिवाय बाहेर त्याला कोणी विचारत नाही. मागच्या अंगणात आंबट संत्र्याच्या झाडाखाली खापरांचा ढीग आहे. मी नवा होतो तेव्हा तो घोट्यापर्यंत होता, आता कमरेपर्यंत आलाय.

माझं काम चाकापाशीच संपतं. माती वाळताना आकसते आणि भट्टीत आणखी आकसते. दहा बोटं रुंद वाडगा भाजून निघाला की जेमतेम साडेआठ बोटं उरतो. म्हणून मला मुद्दाम मोठा कापलाय. मी ज्यात नेमका बसतो तो वाडगा अजून चिखल असतो, आणि तयार झाला की मी त्यात मावत नाही. हजारो वाडगे मोजले, पण ज्यातून कोणी चहा प्यायलं अशा एकाही वाडग्यात मी कधी बसलो नाही. याचं थोडं वाईट वाटायचं. मग सवय झाली.

सहावा गेन्झो माझ्या वाट्याला सगळ्यात जास्त वर्षं आला. तिरसट माणूस. बोलणं कमी, आणि बोलला तर समोरच्याला टोचेल असंच. त्याला एकच मुलगी, चिहाया. दीड वर्षाची असताना तिने मला चाकाजवळच्या ताटलीतून उचललं आणि डाव्या हाताला कडकडून चावली. दोन वर, दोन खाली, असे चार बारीक व्रण पडले. बाप ओरडत धावला, मला तिच्या तोंडातून काढलं, व्रण बघितले आणि हसला. तो हसलेला मी पहिल्यांदा पाहिला. त्या दिवसापासून मला धरताना त्याचा अंगठा नेमका त्या व्रणांवर बसू लागला.

मुलगा नव्हता म्हणून चिहायासाठी घरजावई आणला. शुन्पेई त्याचं नाव. बंदरावर मासळीच्या वड्या करणाऱ्या घरातला, पंचविशीचा, रुंद हातांचा आणि खाली मान घालून काम करणारा. आल्या दिवशी त्याने आपलं आडनाव उंबऱ्याबाहेर ठेवलं आणि कुरोसे झाला. म्हाताऱ्याने ते फारसं मनावर घेतलं नाही.

"वड्या थापतोयस का?" तो चाकामागून विचारायचा.

"नाही, बाबा."

"मग हा वाडगा वडीसारखा का दिसतोय?"

शुन्पेई माती गोळा करून पुन्हा सुरुवात करायचा. पंधरा वर्षं हे चाललं. त्याच्या ताटल्या पसंत पडत, सुरया पसंत पडत, फुलदाण्यासुद्धा. चहाचा वाडगा पुढे आला की हातोडी. पंधरा वर्षांत चहाच्या एकाही वाडग्याला "हं" मिळालं नव्हतं. तो तक्रार करत नसे. फोडलेल्या वाडग्याची खापरं स्वतःच उचलून संत्र्याखाली नेऊन टाकायचा, आणि टाकण्याआधी प्रत्येक तुकडा एकदा निरखून बघायचा.

चौसष्ट साली तोक्योला ते मोठे जागतिक खेळ झाले, त्याच्या पुढच्या थंडीत म्हातारा अंगणात कोसळला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होता. महिन्याभरात उठला, हात चालू लागला, अक्षरही पहिल्यासारखं राहिलं, पण पायात चाक फिरवायचं बळ आलं नाही. आणि मधूनच एखादी गोष्ट निसटून जाऊ लागली. जेवण झालं की विचारायचा, जेवायला कधी वाढणार? चिहाया म्हणायची, "आत्ताच की, बाबा," आणि लोणच्याची फोड पुढे करायची.

त्याच सुमाराला चहाचा विधी शिकवणाऱ्या गुरुघराण्याचा कारभारी आला. मोरिवाकी त्याचं नाव, चष्मा पुसत बोलायची सवय. आधीच्या गुरूंच्या स्मरणाचा चहा शरदात व्हायचा होता, त्यासाठी एकसारखे वीस वाडगे हवे होते.

"एक विचारू का?" तो चष्मा पुसत म्हणाला. "वाडगे तुमच्या हातचे असतील की जावयाच्या?"

"घराच्या हातचे असतील," म्हातारा म्हणाला.

आता चाकावर शुन्पेईशिवाय कोणी नव्हतं. वाडगे त्याचे, "हं" म्हाताऱ्याचं, आणि भट्टी वर्षातून दोनदाच पेटते, शरदाआधी ही एकच. हे वीस गेले तर गेन्झो हे नाव पुढे चालणार, नाही गेले तर गुरुघराणं दुसऱ्या कुंभाराकडे जाणार, हे घरात सगळ्यांना कळत होतं.  वसंतभर शुन्पेईने मला ओल्या वाडग्यांत उतरवलं. मी सांगतो, मापाला ते वाडगे बरोबर होते. केसाचाही फरक नव्हता.

मे महिन्यात भट्टी उघडली. संत्र्याला फुलं आली होती आणि सगळ्या गल्लीला वास होता. एकतीस वाडगे धड निघाले. शुन्पेईने ते फळीवर मांडले आणि बाजूला गुडघे टेकून बसला. चिहाया दाराशी उभी होती.

म्हाताऱ्याने पहिला वाडगा उचलला, फिरवला. मग कमरेच्या पट्ट्यातून मला काढलं; सकाळीच त्याने मला चाकाजवळून उचलून तिथे खोवलं होतं. शुन्पेईने वर पाहिलं, कारण भट्टीच्या तोंडाशी माझं काही काम नसतं.

म्हाताऱ्याने मला वाडग्यात उतरवलं.

माझा पाय तळाला टेकला आणि हात काठाच्या वर अधांतरी राहिले, दोन्ही बाजूंनी बाहेर आलेले. तसंच होणार होतं. मी ओल्या मातीचं माप आहे, आणि हा वाडगा भाजून निघालेला होता. साठ वर्षं चाकावर काढलेल्या माणसाला हे मी सांगायची गरज नव्हती. पण त्या सकाळी ते त्याच्या डोक्यातून निसटलं होतं.

"लहान," तो म्हणाला. हातोडी पडली.

दुसरा घेतला, मला उतरवलं. "लहान."

तिसरा, चौथा. मी खरं तेच सांगत होतो आणि माझ्या खऱ्याने चांगले वाडगे फुटत होते. मला लाज वाटली. बांबूला लाज वाटते हे मलाही तेव्हाच कळलं. काय झालंय ते शुन्पेईला पहिल्याच वाडग्याला समजलं होतं. पण मध्ये बोलायचं नाही हा रिवाज. 

सात फुटले तेव्हा दारातून चिहायाचा आवाज आला, अगदी रोजचा.

"बाबा, आंघोळीचं पाणी तापलंय हो. आत्ता नाही गेलात तर सायो आधी हौदात उतरेल, आणि मग तुम्हीच म्हणाल पाणी कोमट झालं."

सायो म्हणजे त्यांची मुलगी, लग्नाला बरीच वर्षं उलटल्यावर झालेली. तेव्हा तीन वर्षांची होती.

"त्या माकडाला आधी जाऊ देऊ नकोस," म्हातारा काठी टेकत उठला. जाता जाता जावयाकडे वळला. "सगळे लहान आहेत. वड्यांचं माप लावलंस. उरलेले उद्या बघतो."

न्हाणीघराबाहेर त्याने कपडे काढले आणि पट्ट्याबरोबर मीही तिथेच राहिलो. चिहायाने मला उचललं आणि मागच्या ओसरीवर नेलं. शुन्पेई तिथे खापरांची टोपली घेऊन बसला होता.

"सांगून टाकू या," तो म्हणाला.

"काय सांगाल?"

"की बाबा, हे भाजलेले आहेत."

"आणि मग?"

त्याने टोपलीतलं एक खापर उचलून बघितलं.

"मग उद्यापासून ते हातोडी उचलणार नाहीत," चिहाया म्हणाली. "भिंतीकडे तोंड करून बसतील. जेवलो का हे विसरले तर त्यांना काही वाटत नाही. हे विसरले असं कळलं तर त्या दिवशी संपतील. मी माझ्या बापाला ओळखते."

"मग उरलेले चोवीस फोडू द्यायचे?"

"असं कोण म्हणतंय?"

"चिहाया, पंधरा वर्षं मी ऐकून घेतलं. वाडगा वाईट म्हणून फुटला तर मला चालतं. पण हे..."  त्याने एक खापर टोपलीत टाकलं, पुन्हा उचललं. "हे चांगले होते गं."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "मी आंधळी आहे का?"

तिने एक वाडगा आणला आणि मला त्यात उभं करून बघितलं. "दोन्हीकडून एवढं एवढं बाहेर येतंय, आणि खालून एवढं. हे कापलं तर?"

"याला कापायचं?" शुन्पेई दचकला. दचकलो मीही.

"याला नाही हो! याच्यासारखा दुसरा करायचा. कोठीतला बांबू कुठे गेलाय?"

"ते खोटं होईल."

"खोटं काय त्यात? भाजलेल्याचं माप आहे, भाजलेल्यात बसेल."

 तो कोठीत गेला.

म्हाताऱ्याची आंघोळ आणि नंतरची डुलकी मिळून दीडेक तास हातात होता. माझ्याच छपरातला बांबू, म्हणजे माझा भाऊच म्हणा, शुन्पेईने चिरला. वाडग्यात उतरवत, काढत, तासत, पुन्हा उतरवत तो जुळवत आणला. ताज्या कापाच्या कडा पांढऱ्या दिसत होत्या. त्यांना उकळलेल्या चहाचं पाणी पाजलं, किटलीच्या बुडाची काजळी चोळली, वर तेलाचा हात फिरवला. शेजारी ठेवल्यावर तो मी लहानपणी कसा असेन तसा दिसत होता.

"दात," चिहाया एकदम म्हणाली.

शुन्पेईला आधी कळलं नाही. मग तो माझ्या डाव्या हाताकडे बघू लागला. म्हाताऱ्याचा अंगठा तिथेच बसणार. तिथे चार व्रण नसतील तर डोळ्यांनी नाही, पण अंगठ्याने त्याला कळणार. चिहायाने बांबूचा एक फालतू तुकडा घेऊन चावून पाहिला.

"घोडा चावल्यासारखं दिसतंय," शुन्पेई म्हणाला. त्या दिवसात तो पहिल्यांदा हसला.

"सायो! इकडे ये गं."

सायो आली. हातात तांदळाची कुरकुरीत चकती होती, गालाला कण लागलेले.

"हे चाव. इथे."

"का?"

"आजोबांना बरं वाटेल म्हणून."

तिला ते पटलं. ती चावली आणि तोंड वाकडं केलं. "कडू आहे!"

"झालं, झालं. शाण्णी माझी." चिहायाने तिला साखरेचा खडा दिला. शुन्पेईने ते चार ओले व्रण पुसले आणि त्यांतही काजळी भरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हाताऱ्याच्या पट्ट्यात तो धाकटा होता आणि मी शुन्पेईच्या अंगरख्याच्या आत, पोटाशी दडवलेला. मला दिसत काही नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. चौरंग सरकला. काठी भिंतीला टेकली. पट्ट्यातून बांबू निघाल्याची खसखस झाली. म्हातारा अंगठा फिरवत असावा.

मग एक आवाज आला. भाजलेल्या काठाला बांबूची टोकं लागल्याचा, बारीक आणि कोरडा. तो आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. ओल्या मातीत मी लागतो तेव्हा आवाज होत नाही.

"हं," म्हातारा म्हणाला.

शुन्पेईने पुढचा वाडगा सरकवला.  पुन्हा तो कोरडा आवाज, पुन्हा "हं." असे आठ-नऊ झाले असतील. मग हातोडीचा आवाज आला आणि मी हबकलो.

"माप बरोबर आहे," म्हातारा म्हणत होता. "पण हा तळ बघ. घाईत तासलायस. त्या दिवशी कुठे जायचं होतं तुला?"

"सायोला ताप होता, बाबा."

"मग त्या दिवशी चाकावर बसायचं नाही."

"होय."

असे तीन फुटले. तिन्ही फुटायलाच हवे होते. मी चाकापाशीच होतो, मला माहीत आहे, माप बरोबर असलं तरी त्या तिघांचे तळ तासताना शुन्पेईचा हात चुकला होता. म्हाताऱ्याची नजर शाबूत होती, एकच गोष्ट निसटली होती, बस. तिसऱ्या फुटलेल्या वाडग्याला शुन्पेई जे "होय, बाबा" म्हणाला, तेवढं आनंदाचं "होय" मी या घरात ऐकलेलं नाही. हातोडी खरी असेल तर "हं" ही खरं, हे त्याला उमगलं होतं. एकवीस वाडगे उरले.

आठवड्याने पेट्या आल्या. चिहाया शाई उगाळत बसली, म्हातारा झाकणांवर लिहू लागला. पहिल्या झाकणावर त्याने लिहिलं, सातवा गेन्झो. चिहायाचा हात क्षणभर थांबला.

"शाई पातळ होतेय," तो म्हणाला.

ती पुन्हा उगाळू लागली. डोळ्यांतलं पाणी शाईत पडू नये म्हणून तिने मान बाजूला धरली होती. तो सहावा होता. सातवा होईल असा घरात एकच होता, आणि त्या वेळी मागे लाकडं फोडत होता.

लिहून झाल्यावर शुन्पेईला हाक मारली. म्हाताऱ्याने पट्ट्यातून धाकट्याला काढलं आणि दोन्ही हातांवर धरून त्याच्यापुढे केलं.

"तिसऱ्याने केलेला आहे. नावाबरोबर हाही येतो. सांभाळ."

शुन्पेईने कपाळ चटईला टेकवलं. मी अजूनही त्याच्या पोटाशी होतो, त्याच्या वजनाखाली चेपला गेलो.

"हलका झालाय अलीकडे," म्हातारा म्हणाला. "लहानही वाटतो."

चिहाया शाईचा दगड पुसू लागली.

"शंभर वर्षांवर झाली. आकसला असेल. माती आकसते, मी आकसलोय, हा कसा राहील?" त्याने अंगठा एकदा त्या चार व्रणांवरून फिरवला. "दात मात्र ताजे आहेत," असं म्हणून तो आंघोळीला गेला.

त्याला कळलं होतं की नाही, मी सांगू शकत नाही. मला खोली आणि रुंदी कळते, एवढंच.

तो आणखी दोन वर्षं होता. प्रत्येक भट्टीला शुन्पेई धाकटा त्याच्या हातात द्यायचा. म्हातारा गेल्यावरही तो भट्टीच्या तोंडाशी प्रत्येक वाडग्यात धाकटा उतरवायचा. गरज काही नव्हती, डोळ्यांनीच दिसत होतं. पण तो कोरडा आवाज ऐकल्याशिवाय त्याच्या तोंडून "हं" निघत नसे. हे कोणाला कधी समजावलं नाही, त्यानेही नाही आणि चिहायानेही नाही. आता दोघंही नाहीत.

आता चाकावर सायो बसते. आठवी गेन्झो, साठी उलटलेली, आजोबांसारखी तिरसट. चाकापाशी मी असतो, भट्टीपाशी धाकटा. काम झालं की आम्ही एकाच ताटलीत पडतो. पाहुणे येतात, दोघांना बघतात, विचारतात, दोन का? सायो सांगते की आमच्या घराचा हा जुना रिवाज आहे, दुसऱ्या कुठल्या कुंभाराकडे नाही. ओल्याचं एक, भाजलेल्याचं एक. दोन्ही तिसऱ्या गेन्झोने एकाच बांबूतून केली. पाहुणे वाकून बघतात आणि माना डोलावतात.

गेल्या आठवड्यात एका बाईंनी विचारलं, "आणि हे दोन्हींवर कसले खड्डे?"

"दात आहेत," सायो म्हणाली. "तिसरा फार तापट होता म्हणतात. मनासारखं झालं नाही की चावायचा."

बाई हसल्या. सायोही हसली, आणि बोलता बोलता तिचा अंगठा धाकट्याच्या त्या चार व्रणांवर जाऊन बसला. अगं पोरी, तिसऱ्याला म्हातारपणी एकही दात नव्हता. हे तुझे दात आहेत. कडू लागलं म्हणून तू तोंड वाकडं केलं होतंस आणि साखरेचा खडा घेऊन पळाली होतीस. आजोबांना बरं वाटलं होतं.

तुम्ही कधी हागीला आलात आणि तिने तुम्हाला ही गोष्ट सांगितली, तर कृपा करून मान डोलवा. बोलू नका. तेवढ्यात धाकटा एखाद्या वाडग्यात उतरेल, तो आवाज कान देऊन ऐका, आणि माझ्या वतीनेही ऐका. मी ताटलीत असेन, ओल्या मातीची वाट बघत.